ढोल्याची अर्धी गोष्ट

वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "मुलगी बाटल्यांच्या कंपनीत आहे." हे खोटं नव्हतं. कंपनीत बाटल्या होत्याच, रोज ट्रक भरून यायच्या. त्यांत काय भरतात ते वडील सांगत नसत आणि आमच्या कॉलनीत ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी विचारतही नसे. दर रविवारी सकाळी विहारात पंचशील म्हणताना, मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की वडिलांचा आवाज जरा खाली जायचा. मी दोन रांगा मागे बसलेली असायचे. मला तो फरक ऐकू यायचा.

साल शहात्तर असावं. मॅट्रिक होऊन मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, मराठीची आणि इंग्रजीची, आणि दीड वर्ष घरी बसले होते. सातपूरच्या पुढे एका दारूच्या कारखान्यात टायपिस्टची जागा निघाली. टेंपररी होती. वडिलांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू टाइपच करणार ना? मग जा. कागदाला काही वास येत नाही."

वास यायचा. ओला गूळ आणि आंबलेला भात एकत्र केल्यासारखा तो वास कागदाला, कार्बनला, माझ्या वेणीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा यायचा. घरी आल्यावर मी आधी केस धुवायचे. आई न विचारता पाणी तापवून ठेवायची.

ऑफिसात मी एकटीच बाई. बाकीचे तिघे पुरुष आपापले डबे साहेबांच्या खोलीशेजारी उघडायचे. त्यांच्यात बसणं मला अवघड वाटायचं, म्हणून मी दुपारी लेबल सेक्शनच्या शेडमध्ये जायचे. तिथे वीसेक बायका होत्या, सगळ्या रोजंदारीवर. भरलेल्या बाटल्या समोर यायच्या, त्यांना खळ लावून लेबलं चिकटवायची, अंगठ्याने दाबून सुरकुती काढायची आणि बाटली पुढे सरकवायची. दिवसभर तेवढंच.

त्यांच्यात एक बाई होती, चाळिशीची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. नाशकात ती बहिणीकडे राहायची. बहिणीची मुलगी तिला मावशी म्हणायची, म्हणून सगळी शेड तिला मावशी म्हणायची आणि मीही. तिचं गाव घोटीच्या पुढे, घाटाच्या अगदी कडेला असलेला एक पाडा. पंधरा दिवसांतून एकदा ती गावी जायची आणि येताना माझ्यासाठी काहीतरी आणायची. कधी करवंदं, कधी नव्या तांदळाची पुरचुंडी. मी तिला माझ्या डब्यातली भाजी द्यायचे. ती कमी बोलायची, पण गोष्ट सांगायला लागली की हातातली भाकरी तशीच राहायची.

श्रावणातला एक दिवस होता. त्र्यंबकच्या बाजूने ढग इतके खाली आले होते, की शेडच्या दारातून समोरचं बॉयलरचं धुराडं दिसेना. एक मुलगी म्हणाली, "बाई गं, काय धुकं हे."

"ह्याला धुकं म्हनतात व्हय?" मावशी म्हणाली. "आमच्याकडं ये. धुई पडली का सवताचा हात दिसत नाय."

आणि मग तिने ढोल्याची गोष्ट सांगितली.

तिच्या पाड्यातल्या बायका डोक्यावर तांदूळ घेऊन घोटीच्या बाजाराला जायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायच्या. परतीची वाट कड्याच्या काठाने. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी. पावसाळ्यात धुई उतरली की वाट पुसून जायची. तेव्हा पाड्यातला एक माणूस ढोल घेऊन काठावरच्या खडकावर बसायचा आणि शेवटची बाई घरी येईपर्यंत वाजवत राहायचा. बायकांनी वाटेकडे बघायचंच नाही, नुसतं ढोलाच्या आवाजाकडे चालायचं. गावाने त्याला नाव ठेवलं ढोल्या. घरोघरचं पहिलं भात त्याला.

"मंग एकदा खालच्या वाडीत लगीन निघालं," मावशी म्हणाली. "ह्याला वाजवायला बोलावला. तिथं त्याला पाजली, मव्हाची. लय नाय, थोडीच. ह्यो दुपारचा माघारी आला, खडकावर बसला, ढोल मांडीवर घेतला. आन तसाच झोपला."

शेडमध्ये कुणी जेवत नव्हतं.

"धुई उतरली. सात जणी येत व्हत्या बाजारातून. त्या थांबल्या. कान देऊन उभ्या ऱ्हायल्या. ढोल नाय. लय वेळ थांबल्या. मंग आला आवाज. धप, धप. त्या म्हनल्या, आला ढोल्या. आन निघाल्या त्या आवाजाकडं."

"मग?" मी विचारलं.

"तो ढोल नव्हता, ताई. दरीत पानी पडत व्हतं दगडावर."

त्या सात जणींत ढोल्याची बायकोही होती. त्याला जाग आली तेव्हा तो वाजवायला लागला. कुणी आलं नाही. तो थांबला नाही. वाजवता वाजवता तिथेच त्याचा दगड झाला. अजून तो सुळका उभा आहे, मांडीवर ढोल घेतल्यासारखा. तिथून जाणारी प्रत्येक बाई एक खडा ठेवते आणि म्हणते, "ढोल्या, जागा ऱ्हा." आणि त्या पाड्यात लग्नात ढोल वाजवणाऱ्याला कुणी दारू देत नाही. गूळ देतात, पाणी देतात. मावशीचा धाकटा भाऊच तेव्हा गावचा ढोल वाजवायचा. "त्याला अजून कुनी थेंब दिला नाय," ती म्हणाली.

त्यानंतर महिनाभराने मुंबईहून जाहिरातवाले एक गृहस्थ आले. कंपनीला नवी व्हिस्की काढायची होती आणि तिला नाव हवं होतं. साहेबांच्या खोलीत मला डिक्टेशनला बसवलं होतं. गृहस्थांनी नावांची यादी वाचली. त्यात राजे होते, सरदार होते, शिंगांचे प्राणी होते. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच ती यादी बाजूला सारली. असली नावं बाजारात ढीगभर आहेत, ते म्हणाले. नावामागे दंतकथा पाहिजे. स्कॉटलंडमधल्या प्रत्येक बाटलीमागे काहीतरी कथा असते, कुठला ओढा, कुठलं भूत. माणूस पहिला पेला भरताना दोस्ताला ती सांगतो.

"इथे आजूबाजूला एवढे डोंगर आहेत," साहेब म्हणाले. "एखादी असेलच की."

मला कुणी विचारलं नव्हतं. वहीवरून मान वर न करता मी म्हणाले, "सर, एक आहे."

त्या खोलीत सहा महिन्यांत मी 'यस सर' सोडून काही बोलले नव्हते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगायला लागले. माझं इंग्रजी चांगलं होतं आणि ते किती चांगलं आहे हे मला तोवर कुणाला दाखवता आलं नव्हतं. घाटाची कडा सांगितली, धुकं सांगितलं, डोक्यावर ओझं घेतलेल्या बायका सांगितल्या. ढोल्या सांगितला. शेवटची बाई घरी येईपर्यंत तो कसा वाजवतो, तेही सांगितलं. गृहस्थ पुढे वाकून ऐकत होते. त्यांची हातातली सिगारेट पेटवायची राहिली होती. तेवढ्यात चहा आला आणि मी थांबले.

कप मांडले गेले. शिपाई गेला. गृहस्थ म्हणाले, "मग पुढे काय झालं?"

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. खालच्या वाडीत लग्न निघालं. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा माझ्या बोलण्याने खुललेला मी पहिल्यांदा बघत होते, आणि पुढचं वाक्य बोलले तर तो पडणार हे मला कळत होतं.

"पुढे काही नाही, सर," मी म्हणाले. "धुकं पडलं की अजून ढोल ऐकू येतो म्हणतात."

गृहस्थांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "हिल ड्रमर," ते म्हणाले. नाव तिथल्या तिथे ठरलं.

साहेबांनी विचारलं, "तुमच्या गावाकडची गोष्ट का ही?"

आमचं गाव निफाडच्या बाजूचं, सपाट. तिथे कितीही धुकं पडलं तरी माणूस पडायला दरी नाही. मी म्हणाले, "हो, सर."

बाटलीच्या मागच्या बाजूला लावायच्या छोट्या लेबलाचा मजकूरही मीच लिहावा असं ठरलं. इंग्रजीत, चार ओळी. सह्याद्रीच्या कड्यावर एक ढोलवाला बसतो, धुक्यात वाट चुकलेल्यांना तो ढोल वाजवून घरी आणतो, अशा अर्थाच्या तीन ओळी झाल्या. चौथ्या ओळीची जागा रिकामी राहिली. मी बराच वेळ मशीनसमोर बसून राहिले आणि मग टाइप केलं, की तो कधीही झोपला नाही. जाहिरातवाल्यांनी माझ्या मजकुरातले दोन शब्द बदलले. शेवटच्या ओळीला हात लावला नाही.

तीन महिन्यांनी मला पर्मनंटची ऑर्डर मिळाली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर हातात दिली. वडिलांनी आणलेले पेढे मी ऑफिसात वाटले आणि शेडमध्येही वाटले. मावशीने अर्धा खाल्ला आणि अर्धा भाचीसाठी पदराच्या टोकाला बांधला. "माझ्या ताईचं सोनं झालं," ती म्हणाली. ती आणि तिच्या आजूबाजूच्या सगळ्या जणी सहा-सहा, सात-सात वर्षं रोजंदारीवर होत्या. ते तेव्हा माझ्या मनात आलं नाही असं मी लिहिणार होते, पण आलं होतं.

लेबलं छापून आली. चित्रात एक गोरा माणूस होता. लाल डगला, डोक्यावर पिसांची टोपी, मिशा, गळ्यात अडकवलेला ढोल. मागे सह्याद्री होता आणि त्याच्या शिखरांवर बर्फ होतं. माझ्या चार ओळी मागच्या लेबलावर सोनेरी अक्षरांत होत्या. मी ते लेबल पर्समध्ये ठेवलं आणि बसमध्ये दोनदा काढून पाहिलं.

शेडमध्ये मावशी दिवसभर तेच चिकटवत होती. दुपारी तिने एक बाटली माझ्यापुढे धरली. "ताई, ह्यो कोन हाय?"

"असेल कुणी विलायती बाजेवाला," मी म्हणाले.

"डगला बरा हाय त्याचा." तिने लेबलाची सुरकुती अंगठ्याने काढली आणि बाटली खोक्यात ठेवली.

असे सात-आठ महिने गेले. ती चिकटवत होती, मी शेजारी बसून जेवत होते. तिच्या भाजीचं कौतुक करत होते. एखाद्या दिवशी ती गावाचा विषय काढायची, "तुमाला एकदा ढोल्या दाखवायला न्यायचंय," म्हणायची, आणि मी "जाऊ की" म्हणायचे.

तिरकी छापलेली, डाग पडलेली लेबलं कंपनी टाकून द्यायची. त्यांची पाठ कोरी असायची, म्हणून बायका ती घरी न्यायच्या. पोरांना गणितं करायला व्हायची. मावशीची भाची तेव्हा आठवीत होती आणि तिला इंग्रजीची आवड होती. एका रविवारी तिने गणित सोडवायचं सोडून लेबलाची छापलेली बाजू वाचली. अडलेले शब्द डिक्शनरीत पाहिले आणि मावशीला अर्थ सांगितला.

सोमवारी मावशी ऑफिसच्या दारात आली. ती कधीही ऑफिसात आली नव्हती. चपला बाहेर काढून ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली. बाकीचे तिघे जागेवर नव्हते.

"ताई, त्या लेबलावर ढोल्याचं लिवलंय का?"

"हो," मी म्हणाले.

"आमच्या ढोल्याचं?"

"हो."

"मंग तो लाल डगलेवाला?"

"तो त्यांनी काढला. मुंबईला."

तिने मशीनकडे बघितलं. "पोरीनं वाचून दावलं," ती म्हणाली. "मी तिला म्हनलं, पुढचं वाच. ती म्हनली, पुढं काय नाय, संपलं."

"मावशी, लेबल एवढंसं असतं. पुढच्याला जागा नव्हती."

"व्हय," ती म्हणाली. "तोबी जागा नव्हता."

टोमणा मारावा तशी ती बोलली नाही. शब्द तोंडात आला आणि तिने तो तपासून पाहिला, असं वाटलं. मग ती म्हणाली, "पन कधी झोपला नाय, ह्याला जागा झाली."

मी मशीनवरचा कागद सरळ केला. खरं म्हणजे बोलायला मला पुष्कळ वेळ मिळाला. ती लगेच गेली नाही.

"साहेबाला मी काय सांगनार नाय," ती शेवटी म्हणाली. "तुमची नोकरी हाय." आणि चपला घालून शेडकडे गेली.

आठवड्याभरात सुपरवायझर ऑफिसात येऊन हसत सांगत होता. "एक येडी बाई आहे आमच्यात. बाया धुण्यातून लेबलात यायला माझ्या मागे लागतात, ही म्हणते लेबलातून धुण्यात टाका. कारण विचारलं तर सांगत नाही." सगळे हसले. मला कारण माहीत होतं. मी समोरचं पत्र टाइप करत राहिले. त्या पत्रात मी दोन चुका केल्या आणि ते पुन्हा करावं लागलं.

बाटल्या धुण्याचं काम कारखान्यातलं सगळ्यांत वाईट. भंगारातून आलेल्या जुन्या बाटल्या गरम पाण्यात आणि कॉस्टिक सोड्यात बुडवायच्या, ब्रशने घासायच्या. रबरी हातमोजे असायचे, पण फाटके. आत पाणी गेलं की ते घातलेले जास्त वाईट. दोन महिन्यांत मावशीच्या बोटांची कातडी पांढरी पडली, मग सोलायला लागली. ती दुपारी पूर्वीसारखीच माझ्याजवळ येऊन बसायची. तिने मला टाळलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भाकरी मोडताना ती बोटांची टोकं वापरायची नाही, हाताच्या कडेने मोडायची. मी मलमाची ट्यूब आणून दिली. तिने ती घेतली. संपल्यावर दुसरी आणली. तीही घेतली.

साहेबांना जाऊन सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं. गोष्ट माझी नाही, या बाईची आहे, आणि ती अर्धीच आहे. तुम्ही मला पर्मनंट केलंत तर तिला करा. बसमध्ये मी ही वाक्यं इंग्रजीत मनात जुळवायचे. गंगापूर रोडला जुळवायला लागले की सातपूरला पोचेपर्यंत पाठ होत. मग साहेब रागात असायचे, किंवा खूश असायचे आणि त्यांची खुशी घालवावीशी वाटायची नाही. एकदा माझी पगारवाढ अडली होती. एकदा माझं लग्न ठरलं होतं. लग्नाला मावशी आली. तिने मला तांब्या दिला, माझं नाव घातलेला. तो देताना तिचे हात मी पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

ऐंशीच्या पावसाळ्यात ती गावी गेली ती परत आली नाही. जायच्या आधी शनिवारी सांगून गेली होती, "भात लावायला जाते." मला वाटलं, येईल पंधरा दिवसांनी. रोजंदारीवरची बाई आली नाही तर कुणी चौकशी करत नाही. तिच्या जागी दुसरी आली.

तीन वर्षांनी तिची भाची माझ्या घरी आली. ती आता कॉलेजात होती आणि तिला शिष्यवृत्तीचा अर्ज टाइप करून हवा होता. मी मावशीचं विचारलं. भाची म्हणाली, बरी आहे. मग म्हणाली, "मामाचं वाईट झालं पण."

मामा म्हणजे मावशीचा भाऊ, गावचा ढोल वाजवणारा. एका लग्नात पोरांनी त्याला बाटली दिली. आधी तो नको म्हणाला. पोरं म्हणाली, घे रे, तुझ्याच नावाची आहे, ढोल्याची आहे. त्याने घेतली. परत येताना बैलगाडीतून पडला आणि उजवा हात मनगटात मोडला. घोटीला नीट बसवला नाही. आता त्याच्याच्याने ढोलाचं टिपरू धरवत नाही.

भाची हे सगळं साधेपणाने सांगत होती. लेबल तिनेच वाचलं होतं, पण ते कुणी लिहिलं हे मावशीने तिला सांगितलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या रविवारी मी घोटीची बस धरली. घोटीहून एका जीपमध्ये, आणि शेवटचं तासभर चालत. पाऊस उघडला होता, भात पोटरीला आलं होतं. मावशी घरासमोर सूप घेऊन बसली होती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "या," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. ओसरीवर तिचा भाऊ बसला होता. त्याने डाव्या हाताने नमस्कार केला.

पाणी पिऊन झाल्यावर मी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली.

मी थांबले. पुढे ती काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. जाऊ द्या, म्हणेल, किंवा तुमच्या वयाला काय कळत होतं, म्हणेल. ती सुपातले खडे वेचत राहिली. मग भावाकडे बघून म्हणाली, "ह्याचं तुमच्यावर घेऊ नका सगळं. ह्यो चोरून आधीबी प्यायचा. माझ्या मागं. बाटलीनं त्याला उघड प्यायची मोकळीक दिली, एवढंच." भाऊ जमिनीकडे बघत हसला.

दुपारी ती मला ढोल्याकडे घेऊन गेली. पाड्यातली एक नवी सून आमच्याबरोबर निघाली, तिला त्या वाटेने शेतावर जायचं होतं. सुळका खरंच बसलेल्या माणसासारखा होता. त्याच्या पायाशी बाटल्या होत्या. किती होत्या ते मी पाहिलं नाही. कुणी त्या तोंड खाली करून चिखलात खोचून कुंपणासारखी ओळ केली होती. बाकीच्या तशाच पडल्या होत्या. बऱ्याच लेबलांचा पावसाने लगदा झाला होता, पण लाल रंग राहिला होता. नाशिककडून, इगतपुरीकडून पोरं मुद्दाम येतात, मावशी म्हणाली. बाटलीवरची गोष्ट वाचून, जागा विचारत येतात. इथे बसून पितात आणि पहिला घोट त्याला ओततात. बायकांनी ठेवलेल्या खड्यांचा ढीग बाजूला होता. त्याच्यावर गवत उगवलं होतं.

नव्या सुनेने सुळक्याला हात जोडले आणि चालायला लागली.

"अगं, खडा ठेव," मावशी म्हणाली.

तिने वाकून एक खडा उचलून ठेवला. बोलली काही नाही.

"जागा ऱ्हा म्हन त्याला."

सून हसली. "त्याला कशाला सांगायचं, आत्या? तो कधी झोपलाच नाय ना. पोरं सांगतात की, बाटलीवर लिवलंय तसं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया तिने केली. सुनेला ती म्हणाली, "तसं नाय ते. बस, तुला सांगते." पण सुनेला उशीर होत होता. "माघारी आल्यावर ऐकते," म्हणून ती उतारावरून गेली.

आम्ही तिथे थोडा वेळ बसलो. मी बाटल्या गोळा करायला लागले. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, काच लागंल. परत येतीलच त्या." मी तरी पंधरा-वीस गोळा केल्या आणि त्या कुठे ठेवायच्या ते न कळल्यामुळे एका झुडपाखाली रचून ठेवल्या. संध्याकाळी तिने मला भात आणि खेकड्यांचं कालवण वाढलं आणि जीप मिळेपर्यंत पोचवायला आली.

नाशकात आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं, की मागच्या लेबलावर गोष्टीचा उरलेला भाग छापावा. जुने साहेब बदलून गेले होते. नव्यांनी मला बोलावून पत्र परत दिलं. "दारूच्या बाटलीवर दारू पिऊन माणसं मेली असं छापायचं म्हणता?" ते रागावले नाहीत, त्यांना गंमत वाटली. पुढे चार-पाच वर्षांत हिल ड्रमर बंद झाली. खपत नव्हती, एवढंच कारण. मी त्या कंपनीतच राहिले.

मावशीच्या गावी जाऊन आले त्याच वर्षी मी वडिलांना हे सगळं सांगितलं. तोवर ते रिटायर झाले होते आणि माझ्या मुलाला सांभाळायला दुपारी आमच्याकडे यायचे. मला वाटलं होतं, ते शीलाचं काहीतरी बोलतील. खोटं बोलणं हे चौथं, मद्याचं पाचवं. मी मनात तयार होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे फक्त एकदा मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग विचारलं, "त्या बाईची किती वर्षं भरली होती तिथे?"

"दहा-अकरा."

"आणि रोजंदारीवरच?"

"हो."

"तू टायपिस्ट होतीस," ते म्हणाले. "एक अर्ज टाइप करायचा होता तिच्यासाठी. त्याला गोष्ट लागत नव्हती."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. एवढी वर्षं मी साहेबांपुढे कबुली द्यायची वाक्यं जुळवत होते. मजूर म्हणून तिचं काय येणं राहिलं होतं, याचा मी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज इंग्रजीत टाइप केला. युनियनमधल्या एका माणसाला विचारून, कलमं घालून. सेवेची वर्षं, धुण्याच्या कामाने हातांना झालेली इजा, न मिळालेली नुकसानभरपाई. तीन पानं झाली. ती घेऊन पुन्हा घोटीची बस धरली. मावशीने अर्ज वाचून दाखवायला सांगितला. मी मराठीत करून वाचला. तिने मधे मधे थांबवून विचारलं, हे म्हणजे काय, ते म्हणजे काय. वाचून झाल्यावर माझ्याकडून पेन घेऊन शाळेत शिकल्यासारखी हळूहळू सही केली. तिला सही करता येते हे मला माहीत नव्हतं.

"द्या, मी नेऊन देते," मी म्हणाले.

तिने कागदांची घडी घातली. "ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी," ती म्हणाली. "भात काढून झालं का बघू."

भात काढून झालं, पुढच्या वर्षीचंही झालं. मी वर्षातून एकदा-दोनदा जायचे आणि विचारायचे. ती म्हणायची, "बघू." तिला माझ्यावर भरवसा नव्हता, की कंपनीकडून काही नको होतं, की तो कागद नुसता जवळ असावा एवढंच तिला हवं होतं, हे मी विचारायला हवं होतं. नव्वद सालाच्या आसपास ती गेली. भाचीचं पत्र मला उशिरा मिळालं. मी भेटायला गेले तेव्हा भाऊ म्हणाला, पेटीत काही कागद होते, इंग्रजीतले, कुणाला वाचता येईनात. मी ते बघायला मागितले. त्याने डाव्या हाताने सगळी पेटी उपसली, पण ते मिळाले नाहीत.